शिष्यवृत्तीचा करार आणि परदेशी शिक्षणाचा निर्णय



आज पदवी ग्रहण करणाऱ्या स्नातकांपैकी अनेकांपुढे येत्या वर्षा-दोन वर्षांत एक प्रश्न उभा राहणार आहे: शिष्यवृत्ती मिळत असेल तर पदव्युत्तर शिक्षणासाठी परदेशी जावे की न जावे? घरोघरी या प्रश्नाची चर्चा बहुधा प्रतिष्ठा आणि पगार या दोन अंगांनीच होते. परंतु शिष्यवृत्ती हा मुळात एक करार असतो, आणि त्या कराराने ज्ञानाची कोणती गरज भागते व त्यापायी कोण कोणाला बांधला जातो, हे पाहिल्यावाचून दिलेला होकार जितका कच्चा, तितकाच नकारही कच्चा राहतो.

महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासात अशा कराराचे सर्वांत बोलके उदाहरण १९१३ सालचे आहे. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी भीमराव आंबेडकर यांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी मंजूर केली आणि शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची चाकरी करण्याचे त्यांच्याकडून लिहून घेतले. १९१५ मध्ये आंबेडकरांनी एम.ए. ही पदवी मिळवली. १९१६ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला, आणि त्याच वर्षी ते अर्थशास्त्र व कायदा यांच्या अभ्यासासाठी लंडनला गेले. तथापि शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. परतण्यापूर्वी चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुढे चालवण्याची परवानगी मात्र त्यांनी लंडनमध्ये मिळवून ठेवली होती, आणि ही एक गोष्ट पुढे फार मोलाची ठरली.

करार पाळण्यासाठी ते बडोद्यात रुजू झाले, तेव्हा संस्थानच्या या उच्चपदस्थ अधिकाऱ्याला अस्पृश्य म्हणून त्या शहरात कोणी राहायला जागा देईना. ज्या पारशी विश्रामगृहात त्यांनी आसरा घेतला होता तेथूनही त्यांना हुसकावण्यात आले, आणि अल्पावधीतच नोकरी सोडून ते मुंबईला आले. पुढे सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकीच्या वेतनातून साठवलेली रक्कम, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले, आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी त्यांना डी.एस्सी. ही पदवी मिळाली. या साऱ्या घटनाक्रमाकडे पाहिले असता एक गोष्ट ठळकपणे जाणवते, ती अशी की करारातील दहा वर्षांची अट विद्यार्थ्याच्या बाजूने बारकाईने लिहिली गेली होती. परत आलेल्या विद्वानाला माणूस म्हणून वागवण्याची अट मात्र समाजाच्या बाजूने कोणीही लिहिली नव्हती. परतून न येणाऱ्यांना दूषणे देणाऱ्या प्रत्येकाने हे आधी ध्यानात घ्यायला हवे.

याच प्रश्नाची दुसरी बाजू रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्या चरित्रात दिसते. सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेलेले परांजपे १८९९ मध्ये गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत सीनियर रँग्लर, म्हणजे प्रथम क्रमांकाचे मानकरी, ठरले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय होत. त्यानंतर कोणतीही मोठी सरकारी जागा त्यांच्या आवाक्यात असताना त्यांनी आधी दिलेल्या शब्दाप्रमाणे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्यत्व पत्करले, अल्प वेतनावर फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवले आणि १९०२ मध्ये ते तेथील प्राचार्य झाले. त्यांची वाट पाहणारी संस्था येथे होती, तिला त्यांच्या विद्येचा उपयोग ठाऊक होता, आणि म्हणूनच दिलेला शब्द पाळणे त्यांना शक्य झाले. परतीला ठरलेली तिथी असतेच असे नाही. १९५७ मध्ये केंब्रिजला गेलेले जयंत नारळीकर १९७२ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत परतले आणि १९८८ मध्ये पुण्यात आयुका या खगोलविज्ञान केंद्राची उभारणी त्यांच्या नेतृत्वाखाली झाली. पंधरा वर्षांचा परदेशवास हा देशाचा तोटा होता असे त्यांच्याबाबत कोण म्हणेल?

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे विद्येकडे, वळले पाहिजे. कमला सोहोनी यांनी केंब्रिजमध्ये वनस्पतींच्या पेशींतील सायटोक्रोम-सी या, पेशीच्या श्वसनक्रियेत भाग घेणाऱ्या, प्रथिनावर संशोधन करून १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली, आणि भारतात परतल्यावर मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यांचा अभ्यास केला. कुपोषणाचा प्रश्न येथला होता, जीवरसायनशास्त्राची पद्धती तेथे शिकलेली होती, आणि दोहोंची सांगड घालण्याचे काम त्यांचे स्वतःचे होते. परदेशी जाण्याचे सबळ कारण ते हेच. ज्याला स्वतःचा प्रश्न सापडलेला आहे आणि त्याची उकल करणारी प्रयोगशाळा, ग्रंथालय किंवा गुरू अमुक ठिकाणीच आहे हे ज्याला नेमके सांगता येते, त्याने जरूर जावे. पेशवेकालीन महसूलव्यवस्थेचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याला मात्र मोडी लिपीतील पेशवे दप्तर पुण्याच्या पुराभिलेखागारातच वाचावे लागते. त्याने लंडनला जायचे ते ईस्ट इंडिया कंपनीचे दफ्तर पाहायला, आणि तेही मोडी वाचता येऊ लागल्यानंतर. अनेक शासकीय योजना विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट घालतात. अशी क्रमवारी संपूर्ण विद्यापीठाबद्दल काही सांगते, परंतु ज्या एका विभागात विद्यार्थ्याला आयुष्याची उमेदीची वर्षे घालवायची असतात त्याच्याबद्दल ती फारसे काहीच सांगत नाही.

कराराच्या अटी वाचण्याचा कंटाळा हा आपल्याकडील एक घातक दोष आहे. चेव्हनिंग ही ब्रिटिश सरकारची शिष्यवृत्ती साधारणतः एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी असते, तिला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि अभ्यासानंतर किमान दोन वर्षे मायदेशी राहावे लागते. अमेरिकेतील पदव्युत्तर शिक्षणासाठीच्या फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्तीला तीन वर्षांचा अनुभव आवश्यक असतो, आणि तिच्यासोबत मिळणाऱ्या व्हिसामुळे पुढे दोन वर्षे स्वदेशी राहिल्याखेरीज तेथे नोकरीचे वा कायम वास्तव्याचे प्रमुख मार्ग सहसा खुले होत नाहीत. म्हणजे या दोन्ही वाटा आज पदवी घेतलेल्या बहुतेकांसाठी लगेच खुल्या नाहीत, आणि मधली वर्षे वाया जात आहेत असे मानून घाईने भलताच प्रवेश घेण्याचे काहीच कारण नाही. जमशेटजी टाटा यांनी १८९२ मध्ये स्थापन केलेल्या निधीची मदत कर्जरूपाने मिळते व ती परत करायची असते. अमेरिकेत पीएच.डी. करणाऱ्यांना बहुधा असिस्टंटशिप मिळते, म्हणजे अध्यापनात वा संशोधनात साहाय्य करण्याच्या मोबदल्यात शुल्कमाफी व निर्वाहवेतन दिले जाते. मास्टर्स पदवीला मात्र अशी सोय क्वचितच असते. शुल्काचा काही अंश माफ करून उरलेल्या मोठ्या रकमेसाठी घर गहाण ठेवायला लावणाऱ्या पत्रावर ‘शिष्यवृत्ती’ हा शब्द छापलेला असला, तरी ती केवळ सवलत असते, आणि कुटुंबाने तिचा विचार कर्ज म्हणूनच करावा.

कुटुंबाचा उल्लेख येथे ओघाने आला, तरी तो गौण नाही. ज्या घरात पहिलीच पदवी येत आहे, तेथे दोन वर्षांचा थांबलेला पगार हा आई-वडिलांच्या औषधपाण्याचा आणि धाकट्या भावंडांच्या शिक्षणाचा प्रश्न असतो. निर्वाहभत्ता कितीही पुरेसा असला तरी तो हा खड्डा भरत नाही. अशा घरातील मुलीला तर लग्नाचे वय या नावाखाली आणखी एक मुदत घालून दिली जाते, जी कोणत्याही करारात लिहिलेली नसते. या कारणांनी न गेलेल्या विद्यार्थ्याला भित्रा म्हणणे हा अन्याय आहे. भारतीय विज्ञान संस्था, आयसर, गोखले संस्था किंवा डेक्कन कॉलेज येथे भक्कम पाया घालून नंतर पीएच.डी.साठी वा त्यानंतरच्या संशोधनासाठी बाहेर जाणे हा तितकाच सन्मान्य मार्ग आहे.

जे जाऊ इच्छितात आणि ज्यांची गुणवत्ता वादातीत आहे, त्यांतील कित्येकांची गाडी अखेरीस जामीनदारापाशी अडते. महाराष्ट्र शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीतून अनुसूचित जाती व नवबौद्ध प्रवर्गांतील ७५ विद्यार्थ्यांची दरवर्षी निवड होते. अशा योजनांमागे मोठी सामाजिक दृष्टी आहे. परंतु शिष्यवृत्ती कोणतीही असो, जेथे बंधपत्रासाठी मालमत्ता असलेला जामीन मागितला जातो तेथे भूमिहीन शेतमजुराच्या मुलाने तो कोठून आणायचा, आणि भत्त्याचा हप्ता लांबला तर परक्या शहरातील घरभाडे कोणाच्या भरवशावर भरायचे, याची उत्तरे एकट्या विद्यार्थ्याकडे मागणे योग्य नाही. विद्यापीठांनी आपल्या अशा स्नातकांसाठी संस्था म्हणून हमी द्यावी, हप्ता येईपर्यंत भागेल इतकी उचल देणारा निधी उभारावा, आणि अर्ज, शिफारसपत्रे व करारातील कलमे समजावून सांगण्यासाठी एक जाणकार प्राध्यापक नेमावा. आज येथे उपस्थित असलेल्या व्यवस्थापन परिषदेने हे तीनही विषय आपल्या पुढील बैठकीच्या कार्यपत्रिकेवर घ्यावेत, अशी या व्यासपीठावरून आग्रहाची मागणी आहे.