छाती न उघडता झडप मोकळी



आपले बल्लारपूर पेपर मिलचे आणि कोळसा खाणींचे गाव. येथे कोणाला दम लागला की आपण धुळीला दोष देतो. मुलगी पाणी आणताना धापा टाकू लागली तर म्हणतो, अंगात रक्त कमी. दोन्ही खरे असू शकते. परंतु तिसरेही एक कारण असते. ते म्हणजे हृदयाची आकसलेली झडप.

या रोगाची सुरुवात घशातून होते. साधारण 5 ते 15 वर्षांच्या वयात स्ट्रेप्टोकोकस जंतूंमुळे घसा धरतो. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, गुडघे-घोटे सुजतात. सांधे बरे होतात, झडप मात्र बिघडू शकते. डाव्या बाजूची मायट्रल झडप हळूहळू चिकटत जाते. 4 ते 6 चौरस सेंटिमीटरचे दार दीडहून कमी उरले की रक्त फुप्फुसांत तुंबते. गरोदरपणी शरीरातील रक्त वाढते आणि तोवर लपलेला आजार नेमका तेव्हाच उघडा पडतो.

पूर्वी यावर छाती उघडून शस्त्रक्रिया करीत. जपानचे शल्यचिकित्सक कांजी इनोउए यांनी 1982 मध्ये फुग्याचा उपाय केला. जांघेतील शिरेतून नळी हृदयापर्यंत नेतात, मधल्या पडद्याला बारीक छिद्र पाडून डावीकडे जातात आणि झडपेत फुगा फुगवतात. चिकटलेल्या कडा सुटतात. रोगी बहुधा जागाच असतो. दोन-तीन दिवसांत घरी जातो. झडप फार गळत असेल किंवा कप्प्यात रक्ताची गुठळी असेल तर हे करता येत नाही, म्हणून आधी इको तपासणी हवी.

2002 मध्ये फ्रान्सच्या अलँ क्रिबिए यांनी नळीतून नवी झडपच बसवली. वर्तमानपत्रांत तिचाच गाजावाजा! ती मुख्यतः उतारवयातील महाधमनीच्या झडपेसाठी, आणि खर्च लाखांत. आपल्या भागाला फुगाच अधिक उपयोगाचा, असे आम्हांस वाटते. नागपूरच्या शासकीय सुपर स्पेशालिटी रुग्णालयात हृदयरोग विभाग आहे, बल्लारशाहहून रेल्वे आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत फुग्याचा उपचार बसतो. रेशनकार्ड, आधारकार्ड सोबत न्यावे.

फुग्यानंतरही डॉक्टर सांगतील तितकी वर्षे, साधारण दर 21 दिवसांनी, पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यावे लागते. लग्नाच्या बोलणीत कळेल म्हणून मुलीचे इंजेक्शन बंद करणारी घरे आपल्यातच आहेत. अशा घरी आपल्या महिला सभासदांनी जावे, आईशी बोलावे. तारखांची वही आम्ही संस्थेत ठेवू. तीत नाव लिहिण्याची गरज नाही.