अंकाला मोल स्थानाचे



भगवान ऋषभदेवांचे आयुष्य ८४ लक्ष पूर्व होते, हे पाठशाळेतील लहान बालकही बिनचूक सांगते. परंतु हीच संख्या वर्षांत मांडावयास सांगितली की त्याची लेखणी थबकते. ‘एक लक्ष पाच’ लिहितानाही काही मुले आधी १००००० लिहून त्यापुढे ५ मांडतात. जसे कानी पडले तसे कागदावर उतरते आणि एक लक्ष पाचाचे दहा लक्ष पाच होतात! एका स्थानाची चूक ही दहापटीची चूक असते. धनादेशावर अंकांसोबत अक्षरी रक्कम लिहिण्याची दक्षता म्हणूनच घेतली जाते.

लहान संख्या पाठांतराने निभावतात. मोठ्या संख्येत मात्र पाठांतर अपुरे पडते आणि नियमच कामी येतो. प्रत्येक स्थान आपल्या उजवीकडील स्थानाच्या दहापट असते आणि मधले रिकामे स्थान शून्याने राखावे लागते, एवढाच तो नियम.

आपल्या पूर्वाचार्यांनी याचा सखोल विचार केला होता. राष्ट्रकूट नृपती अमोघवर्षाच्या काळी, इ. स. ८५० च्या सुमारास, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. त्यात ‘एक’पासून ‘महाक्षोभ’पर्यंत २४ स्थानांची नावे दिली आहेत. पुढे ११५० मध्ये भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त परार्धापर्यंत १८ स्थाने सांगितली. महावीराचार्यांचे ‘खर्व’ तेरावे स्थान आहे, तर भास्कराचार्यांचे अकरावे. नाव बदलले, तरी स्थानांचा क्रम व त्यांचे मोल तेच राहिले. आजही ८४ लक्ष ही संख्या आपण ८४,००,००० अशी लिहितो आणि इंग्रजी पद्धतीत ती ८,४००,००० अशी लिहिली जाते. स्वल्पविराम सरकला तरी अंक जागचे हलत नाहीत. केवळ नावे पाठ केलेले मूल येथे गोंधळते. स्थाने समजलेले मूल गोंधळत नाही.

यासाठी एक सोपा प्रयोग करता येईल. जमिनीवर खडूने एका ओळीत २४ घरे आखावीत. सर्वांत उजवीकडचे घर एकंचे. मुलांनी अंकांच्या चिठ्ठ्या घेऊन त्यांत उभे राहावे. एक पूर्व म्हणजे ८४ लक्ष गुणिले ८४ लक्ष वर्षे. ८४ ला ८४ ने गुणले की ७०५६ येतात. दोन्ही संख्यांची पाच-पाच शून्ये मिळून दहा होतात. एकूण १४ घरे भरली. यास पुन्हा ८४ लक्षांनी गुणावे. ५९२७०४ आणि त्यापुढे १५ शून्ये येतात. २१ घरे भरली आणि ५ हा अंक महावीराचार्यांच्या ‘क्षिती’ या स्थानी जाऊन उभा राहिला. ऋषभदेवांच्या आयुष्याची वर्षे ती हीच.

आता ७ आणि ४ यांच्यामधील शून्याच्या मुलाला बाजूस करून त्याच्या डावीकडील सर्वांना एकेक घर उजवीकडे सरकण्यास सांगावे. २० च घरे उरतात आणि संख्या जवळजवळ दहा पटींनी घटते. ज्याची स्वतःची किंमत काही नाही, त्याच्या जाण्याने केवढा तोटा होतो, हे मुलांना डोळ्यांनी दिसते.

अनुयोगद्वार सूत्रातील ‘शीर्षप्रहेलिका’ म्हणजे ८४ लक्ष ही संख्या २८ वेळा मांडून केलेला गुणाकार. तो १९४ अंकी भरतो. महावीराचार्यांची २४ नावे तेथे केव्हाच संपतात. परंतु नियम जाणणारे मूल १९४ घरे आखून ती संख्याही निर्भयपणे मांडू शकते.

म्हणून घरातील वडीलधाऱ्यांना नम्र विनंती आहे. नातवंडांना ‘ही संख्या वाच’ एवढेच न सांगता ‘हा अंक कोणत्या घरी बसला आहे आणि तेथे त्याचे मोल किती?’ असेही विचारावे. सुवर्णमहोत्सवी वर्षात आपल्या पाठशाळेच्या अंगणात अशी २४ घरे आखली जावोत, हीच सदिच्छा. जय जिनेंद्र!