निवाडा कापणीच्या दिवशी



सुरतच्या गोडादऱ्यात राहणाऱ्या तुमच्यापैकी पुष्कळांची गावं तापीच्या वरच्या अंगाला, खानदेशात आहेत. शेती तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून विषयाला शेतातूनच हात घालतो.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येशूचा एक दाखला आहे. शेतकऱ्यानं गहू पेरला आणि रात्री वैऱ्यानं त्यात निदण पेरलं. चाकर म्हणाले, उपटून टाकू का? धनी म्हणाला, नको, त्यासोबत गहूही उपटाल. कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या.

निंदणी थांबवणारा शेतकरी आपल्याला विचित्र वाटेल. पण त्या भागातलं ते तण ओंबी धरेपर्यंत हुबेहूब गव्हासारखं दिसतं. चाकरांची नियत चांगली होती. त्यांच्या पारखेवर मात्र धन्याचा भरवसा नव्हता. ख्रिस्ती नम्रतेचं मूळ मला इथं दिसतं. माणसाचं अंतःकरण आपल्याला पुरतं दिसत नाही आणि त्याची वाढही अजून संपलेली नसते. म्हणून त्याचा अखेरचा निवाडा देवाचा.

हे आपल्या भाषेत कुणी जगून दाखवलं असेल, तर ते लक्ष्मीबाई टिळकांनी. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या घरात त्या वाढल्या. वडिलांचं सोवळं इतकं कडक, की बाजारातून आलेलं मीठसुद्धा धुऊन घ्यायचं. 10 फेब्रुवारी 1895 रोजी पती नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. समाजानं निकाल तिथल्या तिथं लावला. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. पुढे नवऱ्याकडे आल्या, तरी आधी आपलं सोवळं सांभाळूनच. मग राहुरीला त्यांच्या मनात प्रश्न उभा राहिला: ही उच्चनीचता देवानं केली, की माणसानं? उत्तर मिळताच त्यांनी कुणाच्याही हातचं खायचं ठरवलं. 1900 मध्ये त्यांनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला.

त्यांची ‘स्मृतिचित्रे’ ही आत्मकथा पुन्हा वाचा. टिळकांचा संताप, लहरीपणा, घर वाऱ्यावर सोडणं, सगळं त्यात आहे. काहीही झाकलेलं नाही. तरी टिळकांवर शिक्का कुठेच नाही. चूक स्पष्ट सांगावी, माणसाचा निकाल मात्र लावू नये, हे त्यांना साधलं.

टिळकांनीही अखेरीस हाच रस्ता धरला. 1917 मध्ये अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्ताच्या शिष्यांचा समुदाय उभारला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. ख्रिस्ताचा खरा शिष्य कोण, हे नोंदवहीवरून ठरवण्याचा अधिकार त्यांनी सोडून दिला. धर्मोपदेशकासाठी याहून अवघड त्याग कोणता?

कुणी विचारील, मग अन्यायापुढेही गप्प बसायचं का? मुळीच नाही. पंडिता रमाबाईंनी विधवांच्या छळाविरुद्ध आयुष्यभर आवाज उठवला आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये निराधार बायकामुलींना आसरा दिला. बायकोला मारणारा हात धरलाच पाहिजे, मजुरी बुडवणाऱ्याला जाब विचारलाच पाहिजे. कृत्य थांबवणं आपलं कर्तव्य आहे. पण ‘हा माणूसच कायमचा वाया गेला’ हे वाक्य आपल्या अधिकारात येत नाही.

गोडादऱ्यात वेगवेगळ्या जिल्ह्यांची, जातींची, धर्मांची माणसं भिंतीला भिंत लावून राहतात. कुणाचं गाव कळलं, आडनाव कळलं, की आपण त्याला ओळखलं असं समजतो. कुणाचा मुलगा दारूला लागला, कुणाची मुलगी घर सोडून गेली, की गल्ली त्या घराचा निकाल लावते. येत्या आठवड्यात अशा एका घरी जा. चौकशीला नको, मदतीला जा. काय कमी आहे ते विचारा आणि जमेल तेवढं करा. त्यांच्या पापपुण्याचा हिशेब देव बघून घेईल. शेजारधर्म त्यानं आपल्याकडे ठेवला आहे.