सल्ल्याचे मोल

बाहेरच्या सल्लागारांवर सरकारने किती खर्च केला, हे विचारणे रास्तच. परंतु विक्रेताच सल्लागार झाला की काय घडते, हे रत्नागिरी जिल्ह्याने दाभोळ वीजप्रकल्पात पाहिले आहे. जून 1992 मध्ये एन्रॉनशी सामंजस्य करार झाला. भारतीयांना या व्यवहाराचे ‘शिक्षण’ देण्यावर आणि प्रकल्पाच्या तयारीवर सुमारे 2 कोटी डॉलर खर्च झाल्याचे कंपनीच्या अधिकारी लिंडा पॉवर्स यांनी 1995 मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे सांगितले. दुकानदाराने शिकवलेले गिऱ्हाईक घासाघीस ती काय करणार!

वास्तविक, प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही, असे जागतिक बँकेने 1993 मध्येच कळवले होते. तरीही त्याच डिसेंबरात वीज मंडळाने खरेदी करारावर सही केली. पुण्याच्या ‘प्रयास’ने त्याचा हिशेब लोकांपुढे मांडला. युती शासनाने 1995 मध्ये प्रकल्प रद्द केला आणि फेरवाटाघाटींनंतर पुन्हा स्वीकारला, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

डॉलरशी बांधलेला दर मंडळाला झेपेना. मे 2001 मध्ये वीजखरेदी थांबली. माधव गोडबोले समितीचा अहवाल आला तो त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये. सही होऊन सात वर्षे उलटल्यावर.