उपचार आणि खेळ

खेळाडू जायबंदी झाला म्हणजे भोवतालची माणसे त्याला पहिला प्रश्न विचारतात तो असा, की पुन्हा मैदानात केव्हा उतरणार? बहुतेकांच्या बाबतीत त्याचे उत्तर काही आठवडे किंवा काही महिने एवढेच असते. परंतु एखाद्याच्या वाट्याला असेही उत्तर येते, की ते मैदान आता कायमचे बंद झाले. अशा वेळी त्याने काय करावयाचे?

सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांच्यापुढे हाच प्रश्न उभा राहिला. ते सैन्यात जवान होते आणि मुष्टियुद्ध हा त्यांचा खेळ होता. १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या. एक गोळी कण्यात रुतली आणि कमरेखालचा देह लुळा पडला. ठोसा हाताने मारतात हे खरे; पण त्यामागचे बळ पायांतून येत असते. पाय गेले आणि त्यांच्याबरोबर तो खेळही गेला.

उपचाराचा एक भाग म्हणून त्यांना पोहण्याचा सल्ला मिळाला. मानेपर्यंत पाण्यात असलेल्या माणसाच्या वजनाचा बहुतेक भार पाणीच उचलून धरते. जमिनीवर जो देह ओझे होऊन राहतो, तोच पाण्यात हलका होतो आणि केवळ खांद्यांच्या व दंडांच्या जोरावर पुढे सरकू शकतो. मात्र निश्चल पाय मागे खाली ओढत असतात. ती ओढ सोसून शरीर आडवे राखणे, हे नव्याने शिकावे लागते. काल ठोशांत तरबेज असलेल्या माणसाने आज नवशिक्या होणे, हीच यातली खरी कसोटी होय.

अशा रुग्णांच्या उपचारात खेळाला मानाचे स्थान मिळवून दिले ते डॉ. लुडविग गुटमन यांनी. ज्यू असल्यामुळे १९३९ साली त्यांना जर्मनी सोडावी लागली. पुढे इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे त्यांनी मज्जारज्जूला इजा झालेल्यांवर उपचार केले. २९ जुलै १९४८ रोजी, लंडनचे ऑलिंपिक सुरू झाले त्याच दिवशी, तेथे चाकांच्या खुर्च्यांवरील १६ जणांनी तिरंदाजीचा सामना खेळला. त्यातूनच पुढे पॅरालिंपिक स्पर्धा उभ्या राहिल्या.

या स्पर्धांत पेटकर प्रथम उतरले ते १९६८ साली तेल अवीव येथे, आणि तेही टेबल टेनिस खेळण्यासाठी. तेथे त्यांना पदक मिळाले नाही. १९७२ च्या स्पर्धा, गुटमन यांना सोडावी लागलेल्या त्याच जर्मनीत, हायडेलबर्ग येथे भरल्या. तेथे पेटकरांनी ५० मीटर मुक्त शैलीचे अंतर ३७.३३ सेकंदांत तोडून विश्वविक्रम केला व सुवर्णपदक जिंकले. पॅरालिंपिकमधील भारताचे हे पहिले पदक होय. पद्मश्रीचा सन्मान मात्र त्यांना २०१८ साली, ४६ वर्षांनंतर मिळाला.

उपचार म्हणून घेतलेला खेळ खराखुरा खेळ केव्हा होतो? जोवर माणूस ‘मी बरा होईन काय?’ एवढेच विचारतो, तोवर तो रुग्ण असतो. ‘कालच्यापेक्षा आज किती सेकंद कमी लागले?’ असे तो विचारू लागला, म्हणजे तो पुन्हा खेळाडू झाला. पेटकरांचे पाय परत आले नाहीत. पण विचारावयाचा प्रश्न बदलला.