संवेदकाचा आकडा आणि त्याचा भरवसा



सन २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत दिल्ली सरकारने घरीच उपचार घेणाऱ्या रुग्णांना पल्स ऑक्सिमीटर पुरविले. बोटाला लावण्याच्या या चिमट्यातून लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश आरपार जातात. प्राणवायूयुक्त आणि प्राणवायूविरहित हिमोग्लोबिन ते निरनिराळ्या प्रमाणात शोषते. त्या फरकावरून रक्तातील प्राणवायू मोजला जातो. जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांची ही १९७० च्या दशकातील कल्पना. परंतु २०२० अखेरीस अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, हे उपकरण कृष्णवर्णीय रुग्णांतील प्राणवायूची घट गौरवर्णीयांच्या तुलनेत जवळपास तिप्पट वेळा ओळखू शकले नाही, असे आढळले. ज्यांच्यावर अंशांकन केले जाई, त्यांत गडद त्वचेची माणसे थोडीच असत. सावळ्या त्वचेच्या आपल्या देशाने याची नोंद घ्यावयास हवी.

दिल्लीच्या हवेबाबतही हीच कसोटी लागते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या निमित्ताने येथे ‘सफर’ ही प्रणाली उभारली. २०१५ मध्ये राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांक आला. मात्र संदर्भ दर्जाची यंत्रे महाग, म्हणून केंद्रे मोजकी. कचरा जळणारी गल्ली शहराच्या सरासरीत हरवून जाते. तेथे काही हजार रुपयांचा संवेदक उपयोगी पडतो.

त्याची रचना साधी आहे. छोटा पंखा हवा ओढतो, लेसरचा किरण कणांवर पडून विखुरतो आणि त्या प्रकाशावरून पीएम २.५ चा अंदाज बांधला जातो. लक्षात घ्या, येथे वजन होत नाही. प्रमाण पद्धतीत मात्र गाळणीवर साचलेले कण तोलले जातात. डिसेंबरच्या धुक्यात आर्द्रतेमुळे कण पाणी शोषून फुगतात, अधिक प्रकाश विखुरतात आणि आकडा वाढीव येतो. मे महिन्यात राजस्थानकडून येणाऱ्या धुळीतील जाड कण याच संवेदकाला नीट दिसत नाहीत, तेव्हा आकडा कमी येतो. एकच यंत्र, एकाच छतावर, आणि चूक दोन विरुद्ध दिशांना! २४ तासांची राष्ट्रीय मर्यादा ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. तिच्या आसपास अशी चूक झाली, तर दमेकरी मुलाच्या आईने कशावर विसंबावे?

उपाय कष्टाचा आहे, गूढ नाही. संवेदक संदर्भ यंत्राशेजारी ठेवून, निरनिराळ्या ऋतूंत, आर्द्रतेसह नोंदी घ्यावयाच्या आणि दुरुस्तीचे सूत्र बसवावयाचे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि आयआयटी कानपूर यांनी २०२०-२१ मध्ये मुंबई महानगर प्रदेशात १५ केंद्रांवर ४० संवेदक अशाच प्रकारे तपासले. मुंबईच्या दमट हवेत बसविलेले सूत्र दिल्लीस जसेच्या तसे चालत नाही. शिवाय लेसरवर धूळ बसते, पंखा झिजतो. म्हणून ही जुळवणी ठरावीक काळाने पुन्हा करावी लागते आणि तिचा खर्च खरेदीच्या अंदाजपत्रकातच धरावा लागतो.