लोणचं कशानं नासतं?

(सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या बचत गटांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



हंगाम तोंडावर आलाय. परसातल्या कैऱ्या उतरतील, कोकमं पिकतील, आणि पावसाच्या आत सगळं बरण्यांत गेलं पाहिजे म्हणून आपली धावपळ सुरू होईल. त्याआधी एका हजेरीपुस्तकाबद्दल बोलायचंय.

गेल्या वर्षी एका गटाचं हजेरीपुस्तक मी चाळत होते. लोणच्याच्या कामाला दहा जणी. आठ जणींच्या नावापुढे दर महिन्याला चार-पाच खाडे, पन्नाशी उलटलेल्या दोघींचा एकही नाही. कारण विचारलं, तर एक काकी हळूच म्हणाल्या, "ताई, लोणच्याक हात लागलो तर ता नासता."

खाडा म्हणजे मजुरी बुडाली. दोन महिन्यांच्या हंगामात एकेकीची आठ-दहा दिवसांची मजुरी गेली. आणि हा नियम कुणा पुरुषानं लादलेला नव्हता. गटानं एकमतानं ठरवला होता.

तर मग लोणचं नासतं कशानं? हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. कैरी धुतल्यावर तुम्ही ती कोरडी पुसता. बरणी उन्हात तापवता. ओला चमचा घालू देत नाही. फोडींवर तेलाचा थर ठेवता, वर दादरा बांधता. का? कारण बुरशीला ओल आणि हवा लागते. किलोभर फोडींना दीडशे ग्रॅमच्या आसपास मीठ घातलं, की बहुतेक जंतूंना तिथं वाढता येत नाही. मुरंब्यात हेच काम साखर करते, म्हणून तयार मुरंब्यात ती ६५ टक्क्यांच्या वर लागते. आमसुलं मीठ घातलेल्या रसात भिजवून पुन्हा पुन्हा उन्हात वाळवता, ती पाणी काढून टाकण्यासाठीच.

आणि जिथं खरा धोका आहे, तिथं सोवळं उपयोगी पडत नाही. घेवडा, मका यांसारख्या आंबट नसलेल्या भाज्या नुसत्या उकळत्या पाण्यात बाटल्या ठेवून हवाबंद केल्या, तर बोट्युलिझमचे जंतू जगू शकतात. त्यांचं विष जीव घेतं. त्याला दाबाखालची वाफ आणि नेमकं माप लागतं. घरी त्या फंदात पडू नका. जंतूंना मीठ कळतं, आंबटपणा कळतो, उष्णता कळते. पाळी कळत नाही.

फक्त आपणच फसलो असं नाही. १९२० साली व्हिएन्नातल्या बेला शिक या नामांकित डॉक्टरनं पाळीतल्या बाईच्या अंगातून विष स्रवतं, तिच्या हातात फुलं कोमेजतात, असं मांडलं होतं. ते विष कधी सिद्ध झालं नाही. २०१४ साली आपल्याकडे लोणच्याला हात लावायला सांगणारी सॅनिटरी नॅपकिनची जाहिरातही गाजली. पण जाहिरातीनं हजेरीपुस्तक बदलत नाही.

त्या गटात आम्ही दोन बरण्या भरल्या. कैरी तीच, मसाला तोच, मीठ तोलून. एक बरणी पाळी चालू असलेल्या दोघींनी भरली. दिवाळीत उघडल्या, दोन्ही सारख्याच चांगल्या निघाल्या. दोन बरण्यांनी शास्त्र सिद्ध होत नाही, पण भीती थोडी ढळते. काकींनी मात्र दुसऱ्या बरणीतलं खाल्लं नाही. मी आग्रह केला नाही. चाळीस वर्षं पाळलेलं एका फोडीनं सुटत नाही. पण पुढच्या बैठकीत त्याच म्हणाल्या, "माका नको, पण पोरींची मजुरी कापू नको."

कुणी म्हणेल, त्या दिवसांत तेवढाच आराम मिळतो. खरं आहे, कंबर मोडते, पोटात कळा येतात. मग आराम जरूर घेऊया, पण हक्क म्हणून, मजुरीसकट. ज्या हातांनी चिरायचं, खारवायचं, वाळवायचं, तेच हात महिन्यातून चार दिवस विटाळाचे कसे?

म्हणून हंगामाच्या पहिल्या बैठकीत एवढंच करा. हा नियम खोडण्याचा ठराव मांडा, आणि तो हजेरीपुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहा. खाली कामाचे खरे नियम लिहा: हात साबणानं धुवावेत, बरणी कोरडी असावी, मीठ तोलून घालावं. ते मात्र सगळ्यांनी पाळायचे, तिसही दिवस.